33 चे टायर टाकलेत, आता रेशो कोणता?

“काका, 33 इंची टायर टाकलेत. आता 4.88 चं क्राउन-पिनियन टाकू ना?”

विचारणारा बहुधा आपल्या इंदूरच्या रामबाग नाहीतर सुदामानगरचा पोरगा असतो. नवी-जुनी जीप किंवा थार घेतलेली असते आणि 4.88 हा आकडा पुण्याच्या कुठल्यातरी मित्राने दिलेला असतो. क्राउन-पिनियन म्हणजे एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी. गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलला नेणारा दांडा) किती फेरे घेतो, तो रेशो. आकडा मोठा तेवढा रेशो खोल: ओढ जास्त, वेग कमी. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. पण माझे दोन प्रश्न आधी: खंडवा रोडचा जुना घाट तुम्ही कोणत्या गियरमध्ये चढता, आणि गेल्या पावसाळ्यात गाडी रुतली ती दगडात की काळ्या मातीत?

4.88 या आकड्यात स्वतःची अशी काही जादू नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप कारखान्यातूनच 4.88 घेऊन यायची, पिनियनला 8 दात आणि क्राउनला 39. टायर मात्र अरुंद, जेमतेम 28 इंची. युद्धानंतरच्या पहिल्या सिव्हिलियन सीजे जीपना तर 5.38 होता, म्हणजे 8 आणि 43. मोठ्या टायरसाठी नव्हे. 2.2 लिटरचं साठ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आणि तीन गियरचा गिअरबॉक्स, त्यात ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा गियर) नाही. गाडी शेतात ओढायची तर एवढा खोल रेशो लागणारच. टर्बो डिझेल आणि पाच गियरच्या गाडीत तोच आकडा उचलून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. आणि तुमची जीप जुनी असेल, तर तिच्यात आधीच खोल रेशो बसलेला असू शकतो. तो मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मोजायला काही लागत नाही. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड लावून मागचं एक चाक जॅकवर घ्या, गियर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) दोन्ही न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. आता ते उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजायला कुणाला तरी खाली बसवा. एकच चाक उचललेलं असलं की डिफरन्शियलमुळे चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनचा एक फेरा होतो, म्हणून दोन. (मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी व्यवस्था, असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा.) शाफ्ट पावणेचारच्या जरा आत थांबला तर 3.73, चारच्या थोडा पुढे गेला तर 4.10, पाचला जरा कमी पडला तर 4.88.

टायरसुद्धा बाजूवर लिहिलेल्या आकड्यावर धरू नका. 33 लिहिलेला टायर हवा भरून, गाडीचं वजन घेऊन उभा राहिला की तेवढा भरत नाही. जमिनीवर खडू, टायरवर खडू, गाडी एक फेरा पुढे ढकला आणि टेपने अंतर मोजा. जुन्या टायरचंही तसंच. या दोन अंतरांचा भागाकार हाच तुमचा खरा फरक. गणितापुरतं आपण लिहिलेलंच धरू: 29 वरून 33, गाडीत 3.73. म्हणजे 3.73 गुणिले 33 भागिले 29, उत्तर 4.24. एवढा टाकला की गाडी कारखान्यातून आली तशी ओढेल.

आता बाजारात नेमकी 4.24 ची जोडी मिळत नाही. प्रत्येक एक्सलला काय मिळतं ते वेगळं, पण बहुतेक वेळा हाताशी येतात ते 4.10 आणि 4.56. इथे पोरं बिनदिक्कत खोल बाजूला जातात. मी आधी हायवेवरचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) काढायला लावतो. पाचवा गियर 0.80 चा धरा, ताशी 80 किलोमीटर. जुन्या टायरवर इंजिन साधारण 1720 ला फिरत होतं. 33 टाकून रेशो तसाच ठेवला तर 1510. बऱ्याच डिझेलांचा टर्बो तिथे धड जागाही झालेला नसतो, म्हणून जरा चढ आला की चौथा, मग तिसरा, आणि मालक म्हणतो पिकअप गेला. 4.10 ने ते 1660 वर येतं, 4.56 ने 1850 च्या आसपास. दोन्ही चालण्यासारखे आहेत. म्हणजे निकाल हायवेवर लागत नाही, चिखलात लागतो.

पुण्याच्या मित्राचं आणि आपलं जुळत नाही ते इथेच. तो सह्याद्रीत कातळावरून गाडी चढवतो. तिथे चाक मुंगीच्या पावलाने फिरायला हवं, म्हणून पहिला गियर, लो रेंज (ट्रान्सफर केसमधली हळू, जास्त ओढीची जोडणी) आणि एक्सल यांच्या रेशोंचा गुणाकार जेवढा मोठा तेवढा बरा. पहिला 4, लो 2.5 असेल तर 3.73 वर तो 37 होतो, 4.56 वर साडेपंचेचाळीस. आपल्याकडे पाऊस पडला की माळव्याची काळी माती टायरच्या खाचांत अशी बसते की दोन मिनिटांत मड टायरचा गुळगुळीत रूळ होतो. ती माती फेकायची तर चाकाला वेग हवा. 4.56 वर लो फर्स्टमध्ये इंजिन 3000 ला ताणलं तरी चाकाचा वेग ताशी दहा-साडेदहा किलोमीटर. माती जागची हलत नाही. लो सेकंड टाकावा लागतो, आणि रेशो जितका खोल तितक्या लवकर तिथेही इंजिन संपतं. म्हणून टर्बो डिझेल, 33 चे टायर आणि फिरणं महू, चोरल, जाम दरवाजाच्या आसपास, असं असेल तर माझं मत 4.10. पेट्रोल गाडी असेल किंवा छतावर तंबू, मागे विंच आणि घरचे पाच जण असा संसार असेल तर 4.56. आणि टायर 29 चे 31 केलेत एवढंच असेल, तर फरक सात टक्क्यांचा आहे. पैसे डिझेलला ठेवा.

जिप्सीवाल्यांचं गणित वेगळं. तिच्या ट्रान्सफरमध्ये हाय रेंजलासुद्धा घट असते, एकास एक नसते. त्यामुळे ट्रान्सफरचे गियर बदलूनही काम होतं आणि दोन्ही एक्सल उघडायचे वाचतात.

बाकी गाड्यांना मात्र दोन्ही एक्सल बदलायचे म्हणजे बदलायचेच. “आत्ता मागचा करू, पुढचा दिवाळीनंतर” असं एक जण म्हणाला होता. पुढे-मागे वेगळा रेशो ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण ट्रान्सफर केस फोडून मिटतं.

हेही ऐका की खोल रेशोचं पिनियन लहान आणि कमी दातांचं, म्हणजे नाजूक. ब्रेक आणि एक्सल शाफ्टवर मोठ्या चाकाचा भार तसाच राहतो, रेशोने तो जात नाही. स्पीडोमीटर एबीएसच्या सेन्सरवर चालत असेल तर रेशो बदलूनही तो कमीच दाखवणार. वेगळा सुधारून घ्यावा लागतो. आणि आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत, हे टायर घेण्याआधीच बघायचं.

बसवणारा माणूस मात्र पारखून घ्या. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे, एक नवा एक जुना चालत नाही. दातांवर रंग लावून, फिरवून, ठसा दाताच्या मध्यावर पडतो का हे जो दाखवेल आणि बॅकलॅश (दोघांच्या दातांमधला ढिलेपणा) डायल गेजवर मोजेल, त्याच्याकडेच द्या. “हाताला बरोबर लागतंय” म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून हाउजिंग पूर्ण गार होऊ द्या, आठशेच्या सुमारास ऑइल बदला, तोवर ट्रेलर ओढू नका. दातांचे आकडे रंगाने हाउजिंगवर लिहून ठेवा. कधी एक्सल तुटून कबाड्याकडून दुसरा आणायची वेळ आली, तर मेकॅनिक पहिलं तेच विचारेल.