पालो आल्टोचे महिला मंडळ आणि गावाचे ग्रंथालय

पालो आल्टो हे नाव आज संगणक कंपन्यांमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, पण या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मूळ शोधू गेल्यास आपण एका महिला मंडळापाशी येऊन पोहोचतो. १८९४ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी इथल्या स्त्रियांनी ‘वुमन्स क्लब ऑफ पालो आल्टो’ स्थापन केला. वाचनालयासाठी पहिली खटपट या मंडळाने केली. पुढे पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या १० हजार डॉलरच्या देणगीतून १९०४ मध्ये ग्रंथालयाला स्वतःची इमारत मिळाली. कॅलिफोर्नियातील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९११ मध्ये. म्हणजे गावासाठी ग्रंथालय मागणाऱ्या या स्त्रियांपैकी एकीलाही गावाच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अशी मंडळे तेव्हा देशभर निघत होती. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी चार्ल्स डिकन्स यांच्यासाठी मेजवानी दिली, तिथे स्त्रियांना मज्जाव झाला, तेव्हा पत्रकार जेन कनिंगहॅम क्रोली यांनी ‘सोरोसिस’ हे मंडळ काढले. १८९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने देशातील मंडळांचा महासंघ झाला. आरंभी या मंडळांच्या बैठकींत सभासद आळीपाळीने निबंध वाचत आणि त्यावर चर्चा होई. पण वाचायला पुस्तके कुठून आणायची, हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून त्या थांबल्या नाहीत. अनेक राज्यांत त्यांनी फिरती वाचनालये चालवली. लाकडी पेटीत साधारण पन्नासेक पुस्तके भरायची, ती पेटी आडगावी रवाना करायची, तिथल्या दुकानात किंवा एखाद्या घरी ती काही महिने ठेवायची आणि मग तीच पेटी पुढच्या गावाला धाडायची, असा तो परिपाठ होता. पुस्तके मिळवणे, नोंदी ठेवणे, फाटकी पाने चिकटवणे हे सारे काम बिनपगारी होते. त्यापुढची मजल म्हणजे शिकागोच्या मंडळाने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाचा आग्रह धरला आणि १८९९ मध्ये तिथे देशातील पहिले बालन्यायालय सुरू झाले. भेसळीविरुद्धचा १९०६ चा कायदा व्हावा म्हणूनही मंडळांनी जोर लावला होता.

या कामाचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. १९०० मध्ये मिलवॉकी येथील महासंघाच्या अधिवेशनात जोसेफिन सेंट पिएर रफिन यांना, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळाच्या प्रतिनिधी असल्यामुळे, त्या नात्याने प्रवेश नाकारण्यात आला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी १८९६ मध्येच मेरी चर्च टेरेल यांच्या अध्यक्षतेखाली आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली होती, आणि पाळणाघरे, बालवाड्या, वृद्धाश्रम अशी कामे त्यांनी त्याहून कितीतरी कमी साधनांत केली.

आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा धागाही याच काळात सापडतो. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी, आणि मग गावोगावी व्याख्याने देत त्या इथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. पुण्यात आर्य महिला समाज काढून आलेल्या रमाबाईंना स्त्रियांच्या सभेचे बळ कोणी शिकवायला नको होते. १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, निरनिराळ्या शहरांत तिची मंडळे निघाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे वर्गणी पुरवण्याचे ठरले. त्याच पैशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले.