नातीची गोधडी : लुगड्यापासून गोटापर्यंतची नोंद

नातीसाठी श्रावणात घेतलेल्या गोधडीचे कच्चे टाके पूर्ण झाले असून सध्या बाहेरच्या कडेकडून आत पक्का दोरा भरण्याचे काम चालू आहे. गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींना उपयोग व्हावा म्हणून कापड निवडण्यापासून आजवर जे केले ते येथे लिहून ठेवते. वरच्या ठिगळांच्या मांडणीपेक्षा पोटातल्या, म्हणजे मधल्या थरांच्या, कापडाविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण गोधडी अंगाला कशी लागेल, ती किती वर्षे टिकेल आणि धुतल्यावर सपाट राहील की गोळा होईल, हे सारे पोटातल्या कापडावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

नात येत्या पावसाळ्यात शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात राहायला जाईल. तिला एकेरी पलंगाची, फार जड नसलेली आणि तिची तिला धुता येईल अशी गोधडी हवी होती. म्हणून वर-खाली लुगड्याचा एकेक थर आणि मध्ये पोटाचे दोन थर, असे चारच थर धरले. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे सोलापूरच्या घरात सहा-सात थरांची वाकळ वर्षातले बहुतेक महिने कपाटातच पडून राहते. मऊ आणि पातळ गोधडी मात्र उन्हाळ्यात अंथरायला आणि थंडीत पांघरायला, दोन्हीकडे चालते.

लुगडे माझ्या सासूबाईंचे आहे. इरकल, हिरव्या अंगाचे, तांबड्या काठपदराचे. नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर भरते आणि त्याचा पन्हा साधारण 45 इंच असतो. मी त्याचे लांबीत चार सारखे तुकडे केले. तिसरा तुकडा उभा मधोमध फाडून त्याची एकेक पट्टी पहिल्या दोन तुकड्यांना जोडली, तेव्हा साडेपाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असे दोन पूर्ण थर मिळाले. चौथा तुकडा ठिगळांसाठी बाजूला राहिला. हा हिशेब ध्यानात ठेवला तर एका लुगड्यात एकेरी गोधडीचा वरचा आणि खालचा थर सहज निघतो. पदर शेवटच्या तुकड्यात येईल असे पाहावे, म्हणजे तो अखंड राहतो. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे दोरे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याशी एकेका दोऱ्याचे फासे अडकवून जोडलेला असतो. त्या जोडाच्या रेषेवर कात्री लावू नये. तिच्यापासून चार बोटे अंतर सोडूनच कापावे, नाहीतर दोन्हीकडचे दोरे सुटू लागतात.

पोटासाठी घरात चार प्रकारचे कापड निघाले. प्रत्येक कापडाचा एकेक दोरा उपसून मी देवघरातल्या समईवर धरला. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची बोटात विरणारी मऊ राख होते. कृत्रिम धाग्याचा वितळून टणक मणी होतो. ज्या दोन कापडांचे मणी झाले ती सरळ पायपुसण्यांकडे गेली. सुती कापड धुतल्यावर आटते, कृत्रिम जवळजवळ आटत नाही. दोन्ही एकाच टाक्याखाली आली की पहिल्या धुण्यातच फुगे येतात, शिवाय घाम टिपला जात नाही तो वेगळाच. नवे कोरे सुती कापडही मी पोटात घालत नाही. मागावर चढवण्यापूर्वी ताण्याला खळ लावलेली असते, ती निघायला आणि कापड पुरते आटायला बरीच धुणी जावी लागतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे हे सारे होऊन गेलेले असते, आणि असे कापड हाताला लगेच ओळखू येते.

जुनी सोलापुरी चादर पोटात घालावी का, हा प्रश्न मात्र बरेच दिवस मनात होता. घरात विरलेली एक चादर होती आणि ती नातीच्या गोधडीत असावी असे आमच्या ह्यांना मनापासून वाटत होते. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महाराजांचा रथ पाहायला गेले, तेव्हा साखर पेठेत आमच्या अक्कांकडे ती चादर दाखवायला नेली. अक्कांचे माहेर आणि सासर दोन्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, लहानपणापासून त्यांनी घरात मागाच्या कांड्या भरल्या आहेत. रथ पुढे गेल्यावर त्यांनी चादर उंबऱ्यापाशी उजेडात धरली, तिचा कोपरा चिमटीत घेऊन दोन्ही बोटे एकमेकांवर हलवली आणि मला म्हणाल्या, “वैनी, हात लावून बघा की. हे एक कापड नाही, दोन आहेत. नक्षीपाशी खालचं वर येतंय न् वरचं खाली जातंय.” मी तसे करून पाहिले. नक्षीच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन पापुद्रे स्पष्ट सरकत होते, आणि जिथे रंग बदलतो तिथे ते एकमेकांत गुंतलेले होते. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या आपल्या चादरीला दोन्ही बाजूंनी तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते, ती यामुळेच. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर मी जन्मभर पांघरली, पण तिचे पोट असे उघडून कोणी दाखवले नव्हते.

अक्कांचा सल्ला असा, की चादर पूर्ण न घालता केवळ पायांकडच्या बाजूला तिची हातभर पट्टी घालावी आणि नक्षीच्या गुंत्यातून टाका न नेता दोन नक्ष्यांमधल्या जागेतून न्यावा. जाड सुताच्या गुंतलेल्या भागात सुई अडते, तिथे जोर केला की टाका वाकडा पडतो आणि बोटही दुखते. सल्ला मी तंतोतंत पाळला. पायांकडे थोडे वजन आल्यामुळे गोधडी अंगावरून घसरत नाही, हा एक वेगळाच फायदा आहे. जाड कापड पोटात घालायचेच असेल तर ते असे एका बाजूला, एकाच पट्टीत घालावे. सर्वत्र तुकडे पेरू नयेत.

पोटाचे बाकीचे कापड ह्यांच्या धोतराचे आणि एका जुन्या बाराबंदीचे, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याचे, आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीसाठी त्यांनी अनेक वर्षे ती वापरली. आता ते बाळीवेशीत खुर्ची टाकून मिरवणूक पाहतात. दिवाळीच्या आवराआवरीत बाराबंदी त्यांनी स्वतःच काढून माझ्यापुढे ठेवली. देवकार्याचे वस्त्र पायांकडे जाऊ नये म्हणून ते कापड मी उशाच्या बाजूला, छातीवर येईल असे लावले. शिवणी उसवून बंद वेगळे काढले, कारण शिवण आणि बंद तसेच राहिले तर त्या जागी गाठ होऊन वरचे कापड लवकर झिजते. ते बंद नातीने मागून घेतले आहेत. दुमडून चारही कोपऱ्यांत ठिगळाखाली घालावेत, असे तिचे म्हणणे आहे. कोपरे धरूनच गोधडी झटकली जाते, तेव्हा तिथे बळकटी आली तर चांगलेच. मला ही कल्पना मनापासून पटली.

कच्चे टाके घालायला मोकळी जमीन आणि माणसे लागतात. आमच्या बैठकीच्या खोलीतले सामान सरकवून मुलगा, सूनबाई, नात आणि ह्यांनी एकेक कोपरा धरला, मी मध्ये बसले. चारही थर एकावर एक अंथरून प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने निपटला आणि कच्चा दोराही मधूनच बाहेर नेला, वीतभर अंतराने आडवा-उभा. पक्का दोरा आपण कडेकडून आत भरतो, त्यामुळे कापडाचा सगळा सैलपणा मध्ये ढकलला जातो. कच्चे टाके दाट असतील तर तो वाटेतच थोडा थोडा अडतो आणि शेवटी मध्यभागी पोट सुटत नाही. सूनबाईंनी या वेळी दोऱ्याची नवी लड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायला सांगितले, म्हणजे गोधडी धुतल्यावर दोरा आटून टाके ओढले जाणार नाहीत. त्यांची सूचना अतिशय योग्य आहे आणि मी ती पुढेही पाळणार आहे.

रोजचे काम असे चालते. सकाळी ह्यांच्यासोबत सिद्धेश्वर मंदिरात दर्शन आणि तळ्याकाठी थोडे चालणे. घरी येऊन भाकऱ्या. सगळे आपापल्या कामाला गेले की पूर्वेच्या खिडकीतला उजेड दुपारपर्यंत चांगला असतो, तेव्हा बसते. दोरा हातभरच घ्यावा, मेणावरून एकदा ओढावा, अंगुस्तान मधल्या बोटात असावे. टाका मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा आणि दोन रांगांत बोटभर अंतर. सुईवर एका वेळी चार टाके घेतले तर ओळ सरळ राहते. त्याहून जास्त घेतले की खालच्या थरात टाका बारीक पडतो. दर ओळीनंतर गोधडी उलटून खालची बाजू पाहण्याची सवय मी नातीलाही लावली आहे. ती सुटीच्या दिवशी माझ्या समोरच्या कडेला बसते आणि आम्ही एकमेकींकडे शिवत येतो. तिचा टाका माझ्यापेक्षा किंचित लांब आहे, पण प्रत्येक टाका तेवढ्याच लांबीचा असतो, आणि गोधडीला हा एकसारखेपणाच जास्त महत्त्वाचा.

मोठी गोधडी प्रवासात नेता येत नाही, म्हणून मैत्रिणींबरोबर बाहेर पडताना मी बाळाचे दुपटे पिशवीत ठेवते. मार्गशीर्षात आम्ही अक्कलकोटला गेलो, तेव्हा गाडीत चौघीजणी एकाच दुपट्याच्या चार बाजूंना शिवत होतो. पुढे पौषात एका मैत्रिणीच्या मंगळवेढ्याच्या शेतावर हुरड्याला गेलो. गरम हुरडा, शेंगांची चटणी आणि दही झाल्यावर बोरीच्या सावलीत तेच दुपटे पूर्ण झाले. त्याच शेतावरच्या वस्तीत एका वयस्क बाईंनी अंथरलेली वाकळ पाहायला मिळाली. तिच्या पोटात जुन्या वाकळेचा न उसवलेला मोठा तुकडा होता आणि नवे टाके जुन्या टाक्यांच्या मधून गेले होते. जुन्या गोधडीलाच पोट म्हणून घेण्याची ही रीत मला फार आवडली. त्यात थर आधीच बसलेले असतात, सरकण्याचा प्रश्न येत नाही. फक्त नवी ओळ जुन्या ओळीवर येऊ न देणे, एवढे पथ्य पाळावे लागते. माझ्याकडे आईची एक विरलेली गोधडी आहे, तिच्यावर ही रीत करून पाहायची आहे.

आता गोटाचा, म्हणजे कडेला फिरवायच्या पट्टीचा, विषय उरला आहे. चाटी गल्लीत तांबडे सुती कापड पाहून आले. दुकानदाराने रंग पक्का असल्याचे सांगितले, तरी तांबड्याची परीक्षा घरी घ्यावी लागते. वीतभर तुकडा आणून तो कोमट पाण्यात भिजवला, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून रात्रभर दगडाखाली ठेवला. सकाळी धोतरावर फिकट गुलाबी डाग होता, म्हणून ते कापड घेतले नाही. लुगड्याच्या चौथ्या तुकड्याचा काठ कितीतरी वर्षे धुतलेला आहे आणि त्याचा तांबडा रंग आता कुठेही लागत नाही. काठाची रुंदी गोटाला पुरेशी आहे, परंतु एका तुकड्याच्या दोन काठांत गोधडीच्या लांब बाजू तेवढ्या भागतात. आडव्या बाजूंना पदराचे कापड लावावे असे नातीचे मत आहे. पदर रेशमी असल्यामुळे तो सुती गोटाशेजारी कसा बसेल याबद्दल मी अजून साशंक आहे. येत्या आठवड्यात अक्का घरी येणार आहेत, तेव्हा पदराचा लहान तुकडा सुती पट्टीला जोडून, दोन-तीनदा धुऊन पाहू आणि मगच आडव्या बाजूंचा गोट कापू.