तुम्ही विचारलंत म्हणून: शांतिसेना होती, मग लढाई कशी झाली?

साताऱ्यातल्या कॉलेजांत बोलायला गेलो की शेवटी कुणीतरी विचारतंच, "सर, तुमचं नावच शांतिसेना. मग लंकेत लढाई कशी झाली? सैन्य शांतता आणू शकतं का?" आभाराच्या आधीच्या दोन मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहितो.

श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत मी इंजिनियर कोअरचा कॅप्टन होतो. १९८८च्या सुरुवातीला लंकेच्या उत्तरेतल्या, तमिळ वस्तीच्या जाफन्यात पोचलो. रस्त्यातले सुरुंग काढायचे आणि गावांचं पाणी सुरू करून द्यायचं, ही माझी कामं.

आमच्या चौकीच्या काटेरी तारेपाशी रोज सकाळी सातला एक निवृत्त पोस्टमास्तर येऊन उभे राहायचे. पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, काखेत शाळेची वही. वहीत गावाच्या अडचणी, सुबक इंग्रजी अक्षरात, क्रमांक घालून. विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर हवी. रॉकेल संपलंय. मास्तरांचे पगार थकलेत. कोलंबोहून येणारं पेन्शन बंद आहे. आणि शेवटची ओळ रोज तीच: शेजारणीच्या मुलाला धरून नेलंय, तो कुठे आहे?

विहिरीचं काम माझ्या हातातलं. रॉकेलही कसंबसं मिळवायचो. त्या दोन ओळींवर टिक व्हायची. पगार, पेन्शन, मुलगा यांचं काय करू? बाजूला सुरुंगाच्या तारा आणि पेट्या, हातात ती वही, आणि विचारायचं कुणाला ते माहीत नाही. आमच्या कंपनीत तमिळ समजणारे फक्त दोघे.

एका रात्री त्यांच्याच गल्लीला वेढा पडला. आमच्याच ब्रिगेडची पलटण, तोच हिरवा गणवेश, घराघरात झडती. चार दिवस पोस्टमास्तर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते तारेपासून वीस पावलं लांब थांबले. मी जवळ गेलो तर वही उघडलीच नाही. त्या पलटणीला मी दोष देणार नाही. आदल्याच आठवड्यात तिचे दोन जवान त्याच रस्त्यावर सुरुंगात गेले होते. पण सकाळी विहीर साफ करून देणारा आणि रात्री दार ठोठावणारा एकाच कपड्यांत आला, तर गावानं भरवसा कुणावर ठेवायचा?

२९ जुलै १९८७ला कोलंबोत भारत आणि लंकेचा करार झाला, त्यावर सह्या राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या. ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, त्या एलटीटीईची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या संघटनेची, सहीच नव्हती. तरी पहिल्यांदा गेलेल्या फौजेला जाफन्यात लोकांनी हार घातले. सप्टेंबरात एलटीटीईचा थिलीपन जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळापाशी उपोषणाला बसला. पाण्याचा थेंब न घेता २६ तारखेला गेला. त्याच्या मागण्या कैद्यांची सुटका, नव्या वसाहती आणि पोलीस ठाणी थांबवणं, अंतरिम सरकार अशा होत्या. यातली कुठली मागणी रायफल सोडवणार होती? ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंकेच्या नौदलानं एलटीटीईचे सतरा जण पकडले. कोलंबोला न्यायचं ठरलं तेव्हा जाफन्याजवळच्या पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा जण मेले. आठवडाभरात लढाई पेटली.

एलटीटीईला शस्त्रं सोडायची नव्हती, हे खरंच आहे. आपले उच्चायुक्त जे. एन. दीक्षित धडपडत होते, हेही खरं. पण त्या दहा आठवड्यांत जाफन्याला हवे होते तमिळ बोलणारे मुलकी अधिकारी, पोलीस, वकील, पुनर्वसनाची माणसं. ती पुरेशी गेली नाहीत. आम्ही गेलो, कारण आम्ही हुकूम मिळाला की निघतो. पुढे आपले सुमारे १,२०० जवान मारले गेले. जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७मध्ये आपल्या जवानांच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले. हे सांगताना आजही जीभ जड होते, पण मुलांपुढे ते वगळून मी बोलत नाही.

फौज नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. सुरुंग काढल्याशिवाय मास्तर शाळेत पोचत नाही. ७ जुलै २००८ला काबूलच्या आपल्या दूतावासाच्या फाटकावर स्फोट झाला, त्यात ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि परराष्ट्र सेवेतले व्ही. वेंकटेश्वर राव एकाच गाडीत मारले गेले. जोखीम दोघांची सारखीच. पैसा आणि माणसं मात्र सारखी मिळत नाहीत. २००७मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनीच सांगितलं होतं, की त्यांच्या परराष्ट्र सेवेत जेमतेम ६,६०० अधिकारी आहेत, एका विमानवाहू नौकेच्या ताफ्यावरच्या माणसांपेक्षाही कमी. संरक्षणमंत्री असून ते दुसऱ्या खात्यासाठी पैसे मागत होते. मला त्या माणसाचं म्हणणं पुरेपूर पटतं.

पोस्टमास्तर पुढे परत यायला लागले. माझी बदली झाली तेव्हा नव्या कॅप्टनला सुरुंगांचे नकाशे दिले, त्यावर त्याची सही घेतली. मग वहीतून उतरवून घेतलेली यादी दिली. त्यानं वाचून विचारलं, "सर, हे पेन्शनचं कुणाला कळवायचं?" एक वर्ष तिथे काढूनही मला त्याला एक नाव सांगता आलं नाही.