अरुंद रस्ता आणि आमचं चाकांवरचं घर

आज दिवसभर कॅम्परव्हॅन गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर चालवली. समोरून गाडी आली की पोटात गोळा येतो, तो सुरुवातीलाच काय तो आला. सगळा खेळ वेगाचा. एकच गाडी मावेल अशा दुतर्फा रस्त्यावर पुढचं जेवढं दिसतंय, त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे. उरलेलं निम्मं समोरच्याला थांबायला लागतं.

खरी डोकेदुखी मागच्या टोकाची. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण मारलं की मागची चाकं आतून कापत येतात आणि चाकांमागचा लांब भाग उजवीकडे बाहेर फेकला जातो. म्हणून थोडं पुढे जाऊन मगच वळवायचं, नजर आरशात. एका ठिकाणी कुंपणाचा खांब आरशापासून जेमतेम चार बोटं. सरळ खाली उतरून बघितलं, मगच हललो. लाज कसली त्यात?

उतारावर खालचा गिअर. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा धरत नाही. निघताना गॅस बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या. तरी एक चमचा कुठेतरी खुळखुळत होताच!

मागे गाड्या साचल्या की रुंद जागा बघून वाट द्यायची. पण साइडपट्टी ओली असेल तर चाक खाली नाही घालायचं. एवढं वजन रुतलं की ट्रॅक्टरच शोधावा लागतो.