डीक्यू झालेल्या पोरीची आई स्ट्रोक जज होते तेव्हा

पोहण्याच्या जिल्हा स्पर्धेत लेक 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला दुसरी आली, आम्ही फोटोबिटो काढले आणि पाच मिनिटांत माईकवरून घोषणा, लेन नंबर चार डिसक्वालिफाय, म्हणजे डीक्यू, बाद. कारण काय तर सीझर किक, म्हणजे पाय सारखे न हलता कात्रीसारखे हलले. मी तडक रेफ्रींकडे गेले, म्हटलं सर, ही दोन वर्षं अशीच पोहतेय, आजवर कोणी काही बोललं नाही, मग आजच कशी चुकली? ते म्हणाले, मॅडम, एकदा ऑफिशियल्सचं क्लिनिक, म्हणजे जज लोकांचं ट्रेनिंग, करून बघा. मला वाटलं कटवतायत. रागारागात नाव दिलं.

तिथे कळलं की किकचा नियम वाचायला दोन ओळींचा आहे. दोन्ही पाय एकाच वेळी आणि एकाच आडव्या पातळीत हलले पाहिजेत, जोर लावताना पावलं बाहेर वळलेली हवीत. पाऊल पाण्याबाहेर आलं तरी चालतं, फक्त मागोमाग खाली डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा फटका, नको. ती एकच चालते, स्टार्ट आणि टर्ननंतर, पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी. ही सूटसुद्धा 2005 ची, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या किताजिमाच्या डॉल्फिन किकवरून वाद झाला त्यानंतरची. आणि 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या व्हॅन डर बर्गने गोल्ड जिंकल्यावर स्वतःच सांगितलं की एकापेक्षा जास्त मारल्या! तिथे पाण्याखालचं फुटेज बघून निर्णय होत नव्हता, काठावरच्या जजला जे दिसलं तेच धरायचं.

आता काठावरून काय दिसतं ते ऐका. स्ट्रोक जज, म्हणजे पोहण्याची पद्धत नियमात आहे का ते बघणारी, म्हणून पहिल्या दिवशी पांढरा टी-शर्ट घालून उभी राहिले, सकाळचं ऊन पाण्यावर, फेस, आणि पोरांसोबत काठाने चालत जायचं, जरा मागे राहून, कारण पावलं मागे असतात आणि आपली नजर सारखी डोक्याकडे जाते. एकाच लेनकडे बघत बसायचं नाही, सगळ्यांना सारखी नजर. बेढब किक म्हणजे फाउल नाही, गुडघे फाकलेत, स्पीड नाही, ते कोचने बघायचं. शंका आली तर फायदा पोहणाऱ्याला. पहिल्या तीन हीटमध्ये (शर्यतीच्या फेऱ्यांमध्ये) मला किमान चार वेळा "वाटलं", पण एकदाही लिहिलं नाही.

चौथ्या हीटला एक मुलगा शेवटच्या दहा मीटरला दमला आणि उजवं पाऊल आत वळून वरून खाली यायला लागलं, एकदा नाही, तीनदा. डीक्यूची स्लिप लिहिली, सही केली. रेफ्री सरांनी विचारलं, कुठे दिसलं, कुठला पाय, तुम्ही कुठे उभ्या होता? उत्तरं देताना तोंडाला कोरड पडली, पण दिली, मग त्यांनी मान्य केलं.

थोड्या वेळाने त्याचे बाबा आले, सेम टू सेम माझंच वाक्य, मॅडम, तो दोन वर्षं असाच पोहतोय. मी म्हटलं सर, रेफ्रींशी बोला, आणि नजर चुकवली.

लेकीचं म्हणाल तर तिचा डावा घोटा बाहेर वळतच नव्हता. कोचने तीन महिने गुडघ्यांत पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरून पाठीवर किक मारायला लावली, ती रोज माझ्या नावाने बोटं मोडायची. आता तिच्या हीटला मी टाइमर म्हणून बसते, हातात स्टॉपवॉच, तरी डोळे तिच्या डाव्या पायावरच.