डिझेल हीटरच्या धुराची नळी आणि वाया गेलेले ५ आठवडे

आम्ही दोघे लीड्सला राहतो. गेल्या वर्षी एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि सुट्टीच्या दिवसांत काम करून ती आतून राहण्याजोगी केली. ऑक्टोबरच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत जायचे ठरले होते, त्यामुळे डिझेलवर चालणारा हीटर बसवणे भाग होते. सीटखाली हीटर बसवणे, टाकीतून इंधनाची नळी घेणे, वायरिंग, ही सगळी कामे दोन शनिवार-रविवारांत उरकली आणि त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. धुराच्या नळीने मात्र पाच आठवडे घेतले आणि ज्या विक्रेत्यामुळे ते गेले, त्याच्यावरचा माझा राग अजून शमलेला नाही.

या हीटरमध्ये हवेचे दोन मार्ग असतात. गाडीतली हवा एका मार्गाने तापून परत गाडीत येते, तर ज्वलनासाठी लागणारी हवा दुसऱ्या मार्गाने गाडीखालून आत जाते आणि धूर होऊन गाडीखालीच बाहेर पडते. हे दोन मार्ग कुठेही एकत्र आले, तर कार्बन मोनॉक्साइड झोपण्याच्या जागेत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचत आलो आहोत. त्यांतला वायूही हाच.

नळी जोडून झाल्यावर गाडीचे दरवाजे उघडे ठेवून हीटर पहिल्यांदा चालवला. नव्या धातूवरचे तेल जळून सुरुवातीला थोडा वास येतोच, पण अर्ध्या तासानंतरही नळीवरच्या सायलेन्सरजवळ डोळे चुरचुरत होते. कोल्हापूरला माझ्या मामांचे गॅरेज आहे. त्यांना व्हिडिओ कॉलवर सायलेन्सर दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “अरे, हा वेल्ड केलेला नाहीच. नुसता पत्रा दुमडून दाबलाय. काढ तो आणि ट्यूबचं पंक्चर बघतोस तसा बादलीत बुडवून बघ की.” मी सायलेन्सर गार झाल्यावर काढला, त्याचे एक तोंड रबरी बुचाने बंद केले, तळाचे पाणी निथळण्याचे बारीक भोक बोटाने दाबून धरले आणि दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हवा भरली. दुमडीच्या संपूर्ण लांबीभर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. ज्या वस्तूवर आमची झोप विसंबून राहणार होती, तिची ही अवस्था होती.

विक्रेत्याला मी त्याच संध्याकाळी छायाचित्रांसह कळवले. चार दिवसांनी उत्तर आले की हा भाग गाडीबाहेर असतो, त्यामुळे थोडी गळती चालते. गाडीखालचा धूर तारांसाठी पाडलेल्या भोकांतून आणि दरवाजाच्या झिजलेल्या रबरातून आत येऊ शकतो, हे मी सविस्तर लिहिले. त्यावर त्यांनी व्हिडिओ मागितला. तो पाठवला, तर तो त्यांच्याच अर्जासोबत पुन्हा पाठवण्यास सांगितले. अठरा दिवसांनी नवा सायलेन्सर आला, तो त्याच घडणीचा होता आणि बादलीत तसाच गळला. पुन्हा अर्ज, पुन्हा व्हिडिओ, पुन्हा “आपली तक्रार नोंदवली आहे” एवढेच उत्तर. पाचव्या आठवड्यात मी नाद सोडला आणि बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानातून पूर्ण वेल्ड केलेला सायलेन्सर ६० पौंडांहून अधिक मोजून आणला. बोटीत हा भाग आतच बसतो, म्हणून तो मुळात वायुबंद बनवलेला असतो. बादलीत त्यातून एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. हीटर घेणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की किटमधला सायलेन्सर बसवण्याआधीच पाण्यात बुडवून पाहा.

या खोळंब्याचा एक फायदा मात्र झाला. इथल्या गाड्यांचा सरकता दरवाजा डाव्या बाजूला असतो आणि माझा हीटरही डाव्या सीटखाली होता, त्यामुळे नळीचे तोंड मी जवळच्या वाटेने नेमके त्या दरवाजाखाली काढले होते. वाट पाहताना संयुक्त राष्ट्रांचा वाहनांतील हीटरविषयीचा नियम क्रमांक १२२ वाचनात आला. तो सांगतो की, धूर झडपांतून किंवा उघड्या खिडक्यांतून आत येणार नाही अशाच जागी हे तोंड असावे. मग सगळे उतरवून नळी आडवी उजवीकडे, म्हणजे चालकाच्या बाजूला नेली. टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांपासून ती लांब ठेवली, धातूच्या पट्ट्यांनी जागोजागी पक्की केली आणि तिचे तोंड चालकाच्या दरवाजामागे, गाडीच्या कडेपर्यंत आणून खाली व किंचित मागे वळवले. ज्वलनाची हवा घेणारे तोंड डावीकडेच राहू दिले, कारण ते धुराजवळ असले तर हीटर स्वतःचाच धूर ओढतो आणि आत काजळी धरते. सायलेन्सरला पाणी निथळण्याचे भोक असेल, तर ते सर्वांत खालच्या बिंदूवर हवे, नाहीतर पाणी साठून नळी गंजते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: गाडीखाली शिरण्यापूर्वी स्टॅण्ड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. गाडीच्या तळाच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडेला गंजरोधक रंग द्या आणि हीटरखालचे गॅस्केट चारही बाजूंनी सपाट बसले आहे याची खात्री करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचा घ्या, कारण तो फिरत्या घरांसाठी आणि बोटींसाठी असतो. शक्यतो हवेतल्या वायूचे प्रमाण आकड्यात दाखवणारा घ्या. या मानकानुसार ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) अलार्म वाजायला तासाहून अधिक वेळ लागू शकतो, आकडा मात्र त्याआधीच दिसतो.

केर्नगॉर्म्समध्ये पहिल्या रात्री बाहेर दहिवर गोठले होते. दोनदा उठून मी आकडा पाहिला, दोन्ही वेळा शून्य होता. सकाळी हीटर गार झाल्यावर बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो आणि प्रत्येक सांध्यावर पांढरे फडके फिरवले, कारण जिथे गळती असते तिथे काजळीची रेघ उमटते. फडक्याला फक्त रस्त्यावरचा चिखल लागला.