आधी ऊब, मग दूध

आई गेलेली मांजराची पिल्लं घरात आणली की वाड्यातली दहा माणसं दहा सल्ले देतात, आणि त्यातले नऊ दुधाचे असतात. वाटीत दूध ठेवा, कापसाच्या बोळ्याने पाजा, गाईचं चालेल, म्हशीचं असेल तर पाणी घाला. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातही हेच झालं. गेल्या आषाढात आम्ही डोळेही न उघडलेली पिल्लं हातावर वाढवली. तेव्हा जे शिकले ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण अशी वेळ येते तेव्हा विचार करायला फार थोडे तास मिळतात.

सर्वांत आधी ती पिल्लं खरंच पोरकी आहेत का, ते बघायचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. अशा वेळी मागे राहिलेलं पिल्लू आपल्याला बेवारशी वाटतं आणि आपण ते उचलून आणतो. पिल्लं कोरडी, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई आसपासच असते. लांब उभं राहून काही तास वाट बघावी. शंका असेल तर जागेभोवती कणकेची पातळ रेघ ओढून ठेवावी. आई येऊन गेली असेल तर पावलं उमटतात. आईचं दूध आणि आईची कूस यांची बरोबरी आपल्या कुठल्याच खटाटोपाला होत नाही, त्यामुळे ती असताना मध्ये पडूच नये.

आमच्या बाबतीत वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कान फाटलेली एक बांडी मांजर आमच्या मागच्या जिन्याखाली, जुनी खाट आणि गणपतीच्या मखराच्या फळ्या ठेवतो त्या अडगळीत, व्यायली होती. एका सकाळी ती रस्त्यावर गाडीखाली आलेली सापडली. तिची आचळं दुधाने भरलेली होती. रात्रभर पाऊस झालेला, अडगळीच्या भिंतीतून ओल आत आलेली. चार पिल्लं निघाली. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला होता. नाळ साधारण पाचव्या दिवसापर्यंत गळते, म्हणजे वय तेवढ्याच्या आतलं.

सासूबाईंनी तोवर दूध कोमट करून ठेवलं होतं. ट्रंकेतून चांदीचं बोंडलंही काढलं होतं, माझ्या नवऱ्याला ज्याने पाजलं तेच. मी एका पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं तर आतून गार लागलं. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. ते गुजरातीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, पिल्लं गरम होईपर्यंत दुधाचा थेंब द्यायचा नाही.

"आई, जरा थांबा."

"अगं, भुकेने जीव जाईल त्यांचा!"

"गार अंगात दूध गेलं तर त्याने जाईल, असं डॉक्टर म्हणतात."

त्या थांबल्या, पण बोंडलं हातातून ठेवलं नाही. कारण समजल्यावर मात्र घरात सर्वांत काटेकोर त्याच झाल्या. कारण असं: नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्याला कुडकुडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाचं तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा कमीच. त्याहून खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पचत नाही, पोटात तसंच पडून राहतं. गिळण्याची ताकदही नसते, मग तेच दूध श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जातं. भुकेलं पिल्लू काही वेळ तग धरतं, पण गारठलेल्याला पाजलं तर आपल्याच हातून त्याचं नुकसान होतं.

ऊब द्यायची तीही हळूहळू. एकदम शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरायचं नाही. मुलीने दोन पिल्लं ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली, दोन मी धरली. तोवर पुठ्ठ्याचा खोका तयार केला. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती जुन्या दुपट्यात दोनदा गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवली. अर्ध्याच भागात, कारण जास्त गरम झालं तर पिल्लाला सरपटत बाजूला जाता आलं पाहिजे. खोक्यात भिंतीवरचं साधं थर्मामीटर ठेवलं आणि पहिला आठवडा ३० ते ३२ अंश राखायचे असं ठरलं. पिशवी दर दोनेक तासांनी गार होते, ती रात्रीही बदलायची.

बडोद्याच्या जुलैत माणसं घामाने निथळत असतात आणि त्यात आम्ही मधल्या खोलीचा पंखा बंद केला होता. नवऱ्याचे मित्र यायचे, कपाळ पुसत पंख्याच्या बटणाकडे बघायचे. पण पंख्याचा वारा खोक्यावरून गेला की थर्मामीटरचा पारा उतरताना डोळ्यांनी दिसायचा. उन्हाळ्याच्या देशात पिल्लं गारठत नाहीत हा समज किती चुकीचा आहे, ते तेव्हा पटलं. ओल आणि वारा एकत्र आले की एवढासा जीव भर उकाड्यातही गार पडतो.

अंग गरम होईपर्यंत डॉक्टरांच्या सांगण्यावरून हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचं बोट लावत राहिलो. दुपारनंतर पिल्लं वळवळू लागली, ओरडू लागली आणि बोट चोखू लागली. चोखणं सुरू झालं म्हणजे पोट तयार झालं. मग दूध.

कुठलं दूध, यावर वाड्यात बराच खल झाला. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास प्रथिनं आणि स्निग्धांश असतो. गाईच्या दुधावर पिल्लू पोट भरल्यासारखं दिसतं पण वाढत नाही, आणि त्यातल्या लॅक्टोजने जुलाब लागतात. एवढ्याशा पिल्लाला जुलाब म्हणजे काही तासांत अंगातलं पाणी संपणं. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती अलकापुरीतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणली. डब्यावरच्या मापाने कालवायची, घट्ट नाही, पातळ नाही. मनगटावर थेंब टाकून बघायचा, कोमटाहून किंचित जास्त लागला पाहिजे.

बोंडलं परत ट्रंकेत गेलं. माणसाच्या बाळाला ते चालतं, कारण देणारीचा हात सरावलेला असतो आणि बाळ मोठं असतं. पिल्लाच्या घशात मात्र त्याची धार त्याच्या गिळण्यापेक्षा जोरात पडते. बोळ्याचंही तेच, शिवाय कापसाचे तंतू पोटात जातात. आम्ही सुई काढलेली दोन मिलिलिटरची सिरिंज वापरली, पुढे छोटं रबरी निपल लावून. पिल्लाला पालथंच धरायचं, जसं ते आईला लुचताना असतं. मांडीवर उताणं घेऊन बाळासारखं पाजायचा मोह होतो, तो टाळायचा. डोकं किंचित वर, दट्ट्या आपण दाबायचा नाही, पिल्लू ओढेल तसा हलका सोडायचा. नाकातून दुधाचा बुडबुडा आला की लगेच थांबून डोकं खाली करून पुसायचं.

शंभर ग्रॅमच्या पिल्लाचं पोट एका वेळी जेमतेम चार मिलिलिटर घेतं. दिवसभरात मिळून वीस मिलिलिटरच्या आसपास. म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. पहाटेची पाळी सासूबाईंनी आपणहून मागून घेतली. त्या तशाही चारला उठतात. देवापाशी दिवा लावायच्या आधी त्या आता पिशवीतलं पाणी बदलत.

पाजून झालं की काम संपत नाही. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने शेपटीखाली हलक्या हाताने पुसत राहायचं. शू फिकट पिवळी असावी. गडद झाली म्हणजे पाणी कमी पडतं आहे. हे कुणी सांगितलंच नाही तर पोट फुगून पिल्लू जातं आणि माणसाला वाटतं, दूध बाधलं.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडला. रोज सकाळी पाजायच्या आधी वजन घ्यायचं आणि कालनिर्णयाच्या रकान्यात लिहायचं. रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढलं तर ठीक. एकादशी, संकष्टी आणि त्याखाली चार आकडे, असं आमचं कालनिर्णय दिसत होतं. त्यातल्या एका आकड्याने आम्हाला आधीच सांगितलं. सर्वांत लहान, करडं पिल्लू दूध घेत होतं, गरम होतं, दिसायलाही बरं होतं. पण एक दिवस वजन हललं नाही, दुसऱ्या दिवशी खाली आलं. आम्ही त्याला लगेच दवाखान्यात नेलं. कातडीखाली सलाईन दिलं, नळीने दूध दिलं. त्या रात्री मुलीने त्याला हातातून खाली ठेवलं नाही. पहाटे ते गेलं. आईचं पहिलं घट्ट दूध किती मिळालं होतं, जन्मतः काही दोष होता का, हे कळायचा मार्ग नव्हता. सगळं नीट केलं तरी काही पिल्लं पहिल्या दोन आठवड्यांत जातात, डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मागच्या अंगणात पारिजातकाखाली त्याला पुरलं. त्याच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

राहिली तीन. दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले, सगळ्यांचे निळे. तो निळा रंग कायमचा नसतो, दीड-दोन महिन्यांत बदलतो. मग कान उभे राहिले आणि तिसऱ्या आठवड्यात पुढचे बारीक दात लागले. खोक्यातलं तापमान आम्ही दर आठवड्याला थोडं उतरवत गेलो, आणि एका दुपारी मधल्या खोलीचा पंखा पुन्हा लागला.

पिसवा खूप होत्या. शेजारच्यांनी कुत्र्याची पिसवांची पावडर आणून दिली, ती आभार मानून परत केली. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विष आहे. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकत बसणं हाच त्या वयातला मार्ग. जंताचं औषध मात्र डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या वयापासूनच वजनाप्रमाणे सुरू केलं, कारण गोल जंत आईच्या दुधातूनच येतात.

महिना झाल्यावर अन्नाचा प्रश्न आला, आणि तो आमच्या घरात सोपा नव्हता. घर शाकाहारी, समोरच्या बेन जैन, त्यांची तर कांद्यालाही मनाई. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी मांजरं दूध-भातावरच वाढली. खरं आहे, पण ती मांजरं वाड्यातले उंदीर खात होती, म्हणून जगत होती. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच. ते मिळालं नाही तर कालांतराने दृष्टी जाते, हृदय मोठं होऊन निकामी होतं. मी हे दोघींना बसून समजावलं. ठरलं ते असं की पिल्लांचं डबाबंद खाद्य मागच्या पडवीत, वेगळ्या ताटल्यांत, आणि त्या ताटल्या मागच्या नळावरच धुवायच्या. समोरच्या बेन रोज दुपारी नाकाला पदर लावून येत आणि पिल्लं खाताहेत ना ते बघून जात.

पहिल्यांदा खाद्यात पावडरचं दूध मिसळून सरबरीत करून दिलं. तिघांनी आधी त्यात पाय घातले आणि मग पाय चाटले. शी-शूच्या सवयीसाठी पसरट ताटात लाकडाचा जाडा भुसा ठेवला. पाणी लागताच गोळा होणारी माती एवढ्या लहानांना देत नाहीत, ती तोंडात घालतात आणि पोटात घट्ट होते. आठव्या आठवड्यात तीन रोगांवरची पहिली लस झाली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची.

दोन बोके एकाच घरी गेले, मुलीच्या युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणीकडे. एकत्रच द्यायचे हा आमचा हट्ट होता. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू भावंडाशी खेळतानाच चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणून गॅलरीला जाळी बसल्यावरच पाठवले. तिरंगी भाटी आमच्याकडे राहिली. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे तिच्याबद्दल कधी घोळ झाला नाही. पाच महिन्यांची झाल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.

आता जांबूबेटकडच्या बोळात एक काळी मांजर पोटुशी दिसते आहे. ती व्याली की पिल्लांना हात न लावता तिलाच रोज खायला घालायचं, म्हणजे ती आमच्यावर विश्वास ठेवेल आणि रस्ता ओलांडून भटकणार नाही. पिल्लं स्वतः खाऊ लागली की पिंजरा लावून तिचं ऑपरेशन करायचं, डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. गुजरातेत जखमी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर करुणा ॲम्ब्युलन्स येते. तो आकडा आणि रबरी पिशवी कुठल्या फडताळात आहे, दोन्ही सासूबाईंनी देवघराशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे.